पट्टा लावून बसलेलं पीठ

"पाच मिनिटांचं तर काम! पीठ बेकरीत पोचवतो आणि तसाच व्याख्यानाला जातो," हवामानकाकांनी छाती पुढे काढून सांगितलं.

हवामान खात्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. आज वाचनालयात त्यांचं हरितगृह परिणामावर व्याख्यान होतं आणि नंतरच्या चहाला काकूंच्या नव्याकोऱ्या बेकरीचे पाव. पाव आवडले तर दर शनिवारची मागणी पक्की! काकू भट्टी तापवायला पुढे निघाल्या, पण जाताना बजावून गेल्या, "सरळ बेकरीत या हं. वाटेत कुणाशी बोलत उभे राहू नका!"

काकांनी मळलेल्या पिठाचा टब पुढच्या सीटवर ठेवला, त्याला चक्क पट्टा लावला आणि धूळ नको म्हणून चारही काचा घट्ट वर केल्या. बेकरी वाचनालयाच्या मागेच होती. पण वाचनालयाच्या दारातच ग्रंथपालबाईंनी गाडी अडवली.

"अहो काका, लोक केव्हाचे येऊन बसलेत! त्यातले दोघं उठायच्या बेतात आहेत!"

श्रोते उठणार म्हटल्यावर काकांचं भानच हरपलं. गाडी भर उन्हात सोडून ते थेट व्यासपीठावर चढले.

कार्बन डायऑक्साइड झाला, वितळणारा बर्फ झाला, बिघडलेला पाऊस झाला. तोवर मागची रांग घोरू लागली होती. पुढे बसलेले शिंपीमामा वैतागले. "जरा सोपं करून सांगा की हो!"

"सोपंच आहे! समजा, एखाद्या महामूर्खानं काचा लावून गाडी उन्हात उभी केली. ऊन काचेतून आत जातं, पण उष्णता आतच अडकते. गाडी तापत जाते, तापत जाते आणि..."

काका थांबले. चेहरा पांढराफटक.

"...आणि आत पीठ आहे!" असं ओरडून त्यांनी जी धूम ठोकली!

श्रोत्यांना वाटलं, हाही व्याख्यानाचाच भाग. घोरणारेसुद्धा मागोमाग धावले.

गाडीत पीठ टबाबाहेर आलं होतं. पट्ट्याच्या वरून-खालून ओसंडत, एखाद्या गलेलठ्ठ पाहुण्यासारखं ऐसपैस बसलं होतं. एक हात गिअरवर टाकून!

"वा! याला म्हणतात प्रात्यक्षिक!" ग्रंथपालबाईंनी टाळ्या पिटल्या.

शिंपीमामांनी काचेला नाक लावलं. "म्हणजे हवेतले ते वायू पृथ्वीला असंच तापवतात?"

"साधारण असंच. थोडे लागतातच, नाहीतर आपण गोठलो असतो. पण आपण धूर सोडून सोडून ते फार वाढवून ठेवलेत."

"मग ही काच खाली कशी करायची?"

इतक्या वर्षांत काकांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता. "झटकन खाली होत नाही. पण धूर थांबवला, झाडं जपली, तर आणखी तापणं थांबतं. खरंच, अजून आपल्या हातात आहे!"

एवढ्यात काकू आल्या. काकांनी डोळेच मिटून घेतले.

"अहो, जीव घ्यायचाच काय तो बाकी ठेवलात त्याचा!" काकूंनी टबात उरलेलं पीठ दाबून, हुंगून पाहिलं. "पाव काही फुगायचे नाहीत आता. पातळ थापून भाजते. सीटवरचं तुम्ही खरवडा!"

ते चपटे, कुरकुरीत, किंचित आंबूस पाव चहाबरोबर बघता बघता फस्त झाले. ग्रंथपालबाई लगबगीनं बाहेर आल्या. काका अजून गिअर खरवडत होते.

"काका, दर शनिवारचं पक्कं!"

काका ताठ उभे राहिले. "मग पुढचा विषय समुद्राची पातळी घेऊ?"

"विषय कसला? पाव हवेत, अगदी असेच! तुम्ही फक्त गाडी उन्हात लावून ठेवा."