रिकाम्या जागेतला नवरा

बोरीत मोबाइलमधलं माझ्याएवढं कुणालाच कळत नाही! पीकविमा असो की गॅसचा नंबर, अख्खी गल्ली फोन घेऊन माझ्याच ओसरीवर येते. तेव्हा आमच्या चतुराचे उखाणे सुधारायचं काम मी एआयवर सोपवलं, यात नवल ते काय!

सुधारायची गरज होतीच. बाकीच्या बायका नवऱ्याचं नाव चांदीच्या ताटात घालून घेतात. आमची बायको घरातली गाऱ्हाणी यमकात बसवून गावाला ऐकवते! पोराच्या लग्नात, पिंगळीच्या व्याह्यांसमोर, तिनं काय म्हणावं?

"येलदरीहून मासा आणला, म्हणे गळानं धरला,
परमेश्वररावांच्या पिशवीत बर्फ अजून उरला!"

मांडव हसून लोळला. व्याही तर भेटले की अजून विचारतात, "काय पाव्हणं, गळ कुठं मिळतो हो बर्फाचा?"

म्हणून एका दुपारी मी तिच्या हातात फोन दिला. "याला नुसतं बोलून सांग. झकास उखाणा लिहून देतं."

फोन गोड आवाजात म्हणाला, "आपल्या पतीचे नाव सांगा."

"अग्गं माय! नाव असंच कसं घेऊ? आधी उखाणा दे, मंग घेते!"

"उखाणा तयार करण्यासाठी पतीचे नाव आवश्यक आहे."

"अन् नाव घ्यायला उखाणा लागतो न्हवं! अवो, हे येडं हाय का?"

"सरक, मी सांगतो नाव."

"तुमी गप बसा! सोताचं नाव सोताच घ्यायलेत, लाज न्हाई?" मग फोनकडे वळून, "देवाचं नाव हाय बग. वळख."

फोननं तेहेतीस कोटींपैकी बरेच देव मोजून दाखवले. त्यांत मी नव्हतो. शेवटी थकून त्यानं नावाची जागा रिकामी सोडली आणि उखाणा देऊन टाकला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चतुरानं त्या रिकाम्या जागेत मला बसवलं. माझा चेहरा म्हणजे कमळ, माझं बोलणं म्हणजे अमृत! बायका "वा वा" म्हणाल्या. कुणीच हसलं नाही. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोचा उखाणा म्हणते आहे.

गल्लीतल्या साऱ्या बायकांना तेच हवं झालं. मीही हौसेनं प्रत्येकीच्या फोनमध्ये ते घालून दिलं.

घर मात्र सुनं झालं हो! पूर्वी पोळ्या लाटता लाटता चतुरा पुटपुटायची, मधेच माझ्याकडे बघून खुदकन हसायची, आणि मला धडकी भरायची, की आता माझं काय सापडलं हिला! आता फोन सगळं आयतं देतो म्हटल्यावर ती माझ्याकडे बघेना. मी मुद्दाम उलटा सदरा घालून तिच्यापुढून फेऱ्या मारल्या. "सदरा उलटा हाय," म्हणाली, आणि भाजी चिरू लागली. त्या धडकीसाठी जीव नुसता तुटत होता!

मग सूनबाईचं, निकिताचं, डोहाळजेवण आलं. थाट हवा म्हणून मी माइक आणि भोंगा मागवला. आवाज थेट बसस्टँडपर्यंत!

पहिली उभी राहिली शेजारची पंचफुला.

"सागराच्या लाटांवर चांदण्यांचे झुले,
भुजंगरावांच्या हास्याने आयुष्य माझे फुले!"

बोरीला समुद्र दाखवायचा तर येलदरीचं धरणच दाखवावं लागतं. आणि भुजंगराव? ते स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते! माझ्याशेजारी बसून ते पुटपुटले, "मी कवा हसलो?"

दुसरी उठली, पार्वतीबाई. तोच सागर, तेच झुले, फक्त हसायला नागनाथराव! बायकांत खसखस पिकली. सगळ्याच जणी नवऱ्याचं नाव सांगायला लाजल्या होत्या, म्हणून फोननं साऱ्या गल्लीला एकच नवरा दिला होता. कुणालाही बसेल असा!

तेवढ्यात माइक चतुराच्या हातात आला. तिनं फोन बघितला. तिचा चेहरा पडला. तिथंही सागरच! विहीणबाई वाट बघत होत्या. मी उठून दारात आलो. चतुरा, म्हण गं, तुझं म्हण, कसलंही म्हण!

तिनं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. खुदकन हसली. फोन सुनेच्या मांडीवर ठेवला.

"साय खाल्ली कुणी म्हणून मांजराला दाखवली काठी,
परमेश्वररावांची मिशी पांढरी, मी गप बसले त्यांच्यासाठी!"

हशा असा उसळला की भोंगा शिट्ट्या मारू लागला! भुजंगरावसुद्धा हसले. डॉक्टरांनी मला साय बंद केली आहे, हे आता बसस्टँडलाही माहीत झालं. पोरगा डोळे वटारून माझ्याकडे बघत होता, आणि मी मात्र खुळ्यासारखा डोळे पुसत होतो. मिशीसकट मी सगळाच्या सगळा तिच्या त्या दोन ओळींत होतो!

संध्याकाळी मी तिला हळूच म्हणालो, "अगं, अजून एखादा म्हण की."

"असाच कसा सुचंल? तुमी कायतरी करा, मंग बगू."

मांजर निर्दोष सुटलं. साय कुलपात गेली आणि किल्ली तिच्या कनवटीला. म्हणून सध्या मी लोणच्याच्या बरणीवर डोळा ठेवून आहे. तेही डॉक्टरांनी बंदच केलंय!