मॉरिसला धक्का मारू नका

हँडब्रेकची केबल बदलणं म्हणजे पायजम्यात नाडी ओवण्याइतकं सोपं काम! या टोकाने घालायची, त्या टोकाने काढायची, गाठ मारायची, विषय संपला. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता मी आमच्या उर्मिलाला हे असंच्या असं सांगितलं.

"तुमच्या पायजम्यात नाडी मी ओवते," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी आपटून आत गेली.

बायकोचा विश्वास नसला की मला कामाला जास्त हुरूप येतो.

आता गाडी कुठली ते ऐका. आमचे सासरे, म्हणजे दाजी, गिरगावातली खोली विकून सिल्व्हर पार्कला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले, ते सामान टेम्पोत घालून आणि स्वतः मॉरिस मायनरमध्ये बसून. गाडी छप्पन सालची. आकार पालथ्या घातलेल्या कढईसारखा. मूळचा रंग कुठला होता यावर दाजी आणि सासूबाईंचं अजून एकमत नाही. पण दाजींचा त्या गाडीवर इतका जीव, की सासूबाईंना पडसं झालं तर ते सुंठ उगाळायला सांगतात आणि गाडी खोकली तर स्वतः रात्रभर जागतात.

यंदा दाजींना मोतीबिंदू झाला. गेट कुठलं आणि गेटमधली मोकळी जागा कुठली, हे त्यांना गेटवर आपटल्यावर कळायला लागलं. तेव्हा त्यांनी दोन्ही जावयांना बोलावून जाहीर केलं, की गाडीचं पासिंग संपत आलंय. जो ती आरटीओतून पास करून आणील, गाडी त्याच्या नावावर. पहिली संधी थोरल्या जावयाला, म्हणजे मला. मंगळवारपर्यंत जमलं नाही, तर धाकट्याला.

धाकटा म्हणजे माझा साडू ईश्वर. राहतो ठाण्याला, नोकरी बँकेत. नवीन कुकर घेतला तर आधी आतलं पुस्तक वाचतो, मग शिट्टी लावतो, असा माणूस. त्याच्या हाती मॉरिस जाणार, ही कल्पनाच मला सहन व्हायची नाही.

अडचण एकच होती. पासिंगला साहेब चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढायला सांगतो. आणि आमच्या मॉरिसचा हँडब्रेक मेलेला होता. तो कोणी मारला, हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस आता तुमच्याशी बोलतोय.

झालं असं, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून सगळे पुरुष पांढऱ्या कडक कपड्यांत कंपाऊंडमध्ये उभे होते. इतकी इस्त्री एका जागी बघितली की माझे हात शिवशिवतात. दाजींनी गाडी जरा पुढे लावायला सांगितली होती. मी आत बसलो, हँडब्रेक गच्च ओढला आणि खिडकीतून तोंड पाडून म्हणालो, स्टार्ट होत नाही हो, जरा धक्का मारता का?

आठ जण लागले. आमचे सेक्रेटरी पंढरीनाथ सर्वांत पुढे. मूळचे रत्नागिरीकडचे, शिस्तीचे आणि अंगाने भरलेले. "हां, जोर लगाके!" असं स्वतःच ओरडायचे आणि स्वतःच जोर लावायचे. दहा मिनिटं मॉरिस ढिम्म. मी आत स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतोय, लोकांना वाटतंय बिचारा टेन्शनमध्ये आलाय. शेवटी गाडीच्या पोटातून टण्णकन आवाज आला, केबल तुटली, गाडी सुटली आणि पंढरीनाथ झेंड्याच्या रांगोळीवर पालथे पडले. उठले तेव्हा छातीवर अशोकचक्र उमटलं होतं.

हँडब्रेक ओढलेला होता हे मीच हसत हसत सगळ्यांना सांगितलं. केबल तुटल्याचं मात्र कोणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून मॉरिस एका दगडाच्या भरवशावर उभी होती.

मेकॅनिककडे न्यायची सोय नव्हती. घोडबंदर रोडवरचा राघो दाजींचा खास, त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे चार खेपा घालून केबल शोधून आणली. ईश्वर बायकोला घेऊन अकरा वाजता जेवायला यायचा होता. त्याच्या आधी काम उरकायचं, हात धुवायचे, आणि तो आला की आरामात हँडब्रेक ओढून दाखवायचा, असा बेत.

जुनी केबल निघाली. गाडीला जॅक लावला, चाकं फिरवून बघायला गिअर न्यूट्रल केला, नवीन केबल घातली, तर दोन इंच आखूड! दुकानदाराच्या नावाने मनात शंख केला. मग ध्यानात आलं, की जॅकमुळे मागची चाकं खाली लोंबकळतायत, म्हणून केबल पुरत नाही. जॅक उतरवला. केबल पोचली. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आता फक्त एक पिन ठोकायची राहिली. हातोडी बघतो तर नाही. नोटीस बोर्डाला खिळा मारायला पंढरीनाथ घेऊन गेले होते. इकडेतिकडे बघितलं, तर पुढच्या चाकापाशी एक छान, हातात मावेल असा दगड पडला होता.

तो घेतला. मागच्या बाजूने गाडीखाली शिरलो आणि पिनवर दोन ठोके घातले.

तिसरा घालणार, तेवढ्यात तोंडावर ऊन आलं.

गाडीखाली ऊन कसं आलं, याचा मी क्षणभर शांतपणे विचार केला. मग कळलं, की मी आहे तिथेच आहे. गाडी निघालीय.

आमच्या बिल्डरने पाणी तुंबू नये म्हणून चार फूट भराव टाकून बिल्डिंग उचललीय. त्यामुळे कंपाऊंडपासून गेटमधून थेट रस्त्यापर्यंत मस्त उतार आहे. रस्त्यापलीकडे अजून बिल्डिंगी आलेल्या नाहीत. जुनं मिठागर, कमरेएवढा चिखल आणि बगळे.

मी उठून धावलो आणि मागचा बंपर पकडला. टाचा रोवल्या. मॉरिस थांबली. पण आता पंचाईत अशी, की दगड मागे पडलेला, दार पुढे राहिलेलं, आणि बंपर सोडला की गाडी चालली बगळ्यांकडे. मी तसाच वाकून उभा राहिलो.

आता एक गोष्ट विचारात घ्या. गाडीच्या मागे वाकलेला, बंपरला हात लावलेला, घामाघूम माणूस लांबून कसा दिसतो? तो गाडी ओढतोय की ढकलतोय, हे कोणाला कळणार? आणि आपल्याकडे माणूस पडला तर लोक गोल करून बघत उभे राहतात, पण गाडी बंद पडली की न बोलावता धावत येऊन धक्का मारतात.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे किरीटभाई. हातात रविवारचा फाफडा. पुडी त्यांनी मॉरिसच्या डिकीवर ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"अरे बबनभाई, अकेले अकेले? बोलने का ना!"

"किरीटभाई, धक्का मत मारो. पीछे खींचो."

किरीटभाई खो खो हसले. त्यांना सव्वीस जानेवारी आठवली. तरी ते सज्जन, म्हणून विचारात पडले. तेवढ्यात माझीच हातोडी घेऊन पंढरीनाथ आले. मी त्यांनाही कळवळून सांगितलं, की ढकलू नका, गाडी सुटलीय, एक दगड तेवढा चाकाला लावा.

पंढरीनाथांनी माझ्याकडे बघितलं आणि ते शांतपणे म्हणाले, "किरीटभाई, याचं ऐकू नका. त्या दिवशी हा ढकला ढकला म्हणत होता, तेव्हा ब्रेक लावलेला होता. आज ढकलू नका म्हणतोय, म्हणजे आज ब्रेक नाही. ढकला!"

हिशेब इतका बिनचूक होता की मलाही त्यात चूक सापडेना.

मग काय! कोणी पेपर टाकून आलं, कोणी अर्ध्या दाढीचा साबण घेऊन आलं. दहा जण लागले. मागच्या खेपेला दहा मिनिटं ढिम्म राहिलेली गाडी आता लोण्यासारखी सरकतेय म्हटल्यावर सगळ्यांना चेव चढला. मी उलटा ओढतोय, माझ्या चपला मागे राहिल्या, मी ओरडतोय, आणि मी जेवढा ओरडतोय तेवढा त्यांचा जोर वाढतोय.

गेटवर शेवंती कोळीण बसते. दर रविवारी पालीच्या कोळीवाड्यातून ताजी मासळी घेऊन येते. तिने पाटी उचलून बाजूला उडी मारली, जाणाऱ्या गाडीत डोकावून बघितलं आणि ओरडली, "आरं, गारीत डायवर न्हाय!"

दहा जणांनी मान उंच करून आत बघितलं. खरंच नव्हता. आणि दहाच्या दहा जणांनी एकदम हात सोडले.

मी सोडले नाहीत. मॉरिसने रस्ता ओलांडला, एका सायकलवाल्याला वाट दिली, आणि आम्ही दोघं मिठागरात गेलो. दिव्यांपर्यंत रुतली. बगळे उडाले. जरा वेळाने त्यातले दोन परत येऊन टपावर बसले आणि किरीटभाईंच्या फाफड्याची चौकशी करू लागले.

सव्वादहा वाजले होते. अकराला ईश्वर. मी लोकांच्या हातापाया पडलो. माणसं वाईट नाहीत आमची. चपला काढून, लुंग्या खोचून सगळे चिखलात उतरले. एकदा जोर लावला, गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा लावला, तरी नाही. मग पंढरीनाथ हळूच सरळ झाले, त्यांनी चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि विचारलं,

"बबन, हँडब्रेक?"

सगळे थांबले. माझ्याकडे बघितलं. आणि एकेक जण मुकाट्याने चिखलातून बाहेर निघाला.

मी आईची शपथ घेतली, गणपतीची घेतली, शेवटी उर्मिलाची घेतली. उर्मिला गॅलरीतून बघत होती, ती म्हणाली माझी नको. कोणी परत उतरेना. आता खरं सांगण्याखेरीज इलाज नव्हता. धावत जाऊन तुटलेली जुनी केबल घेऊन आलो आणि सगळ्यांपुढे धरली.

"हे बघा. हँडब्रेक नाहीच गाडीला. सव्वीस जानेवारीला तुम्हाला ढकलायला लावलं, तेव्हाच केबल तुटली. मी तोडली. दाजींपासून लपवलं. झालं समाधान?"

सगळे माझ्या मागे बघत होते.

मागे दाजी उभे होते. शेजारी ईश्वर, हातात पेढ्यांचा पुडा. तो वेळेच्या अर्धा तास आधीच पोचतो.

दाजींनी मिठागराकडे बघितलं. त्यांना गाडी दिसली की नुसते बगळे, देव जाणे. मग म्हणाले, "मोतीबिंदू डोळ्यांना झालाय, जावईबापू. कानांना नाही. केबल तुटल्याचा आवाज मी त्याच दिवशी ओळखला. म्हटलं, बघू कधी सांगतात."

आणि त्यांनी चावी ईश्वरच्या हातात दिली.

पालीहून शेवंतीचे दोन भाऊ होडी ओढायचा दोर घेऊन आले आणि त्यांनी गाडी बाहेर काढली. ईश्वरने दाजींकडचं मॉरिसचं जुनं पुस्तक चाळीस मिनिटं वाचलं आणि मी आणलेली केबल वीस मिनिटांत बसवली. मंगळवारी गाडी पास झाली. साहेबाने चढावर हँडब्रेक ओढला, म्हणे, गाडी सूतभरही हलली नाही.

ईश्वरकडे ठाण्याला जागा नाही, म्हणून मॉरिस उभी आमच्याच कंपाऊंडमध्ये असते. दर रविवारी मी ती धुतो. येता-जाता पंढरीनाथ तिला हळूच एक धक्का मारून बघतात. हलत नाही. मग माझ्याकडे बघून पुढे जातात.

गाडीचं मला एवढं वाईट वाटत नाही. पण उर्मिलाने त्या दिवसापासून नाडी ओवणं बंद केलंय. म्हणाली, सोपं काम आहे ना, केबलसारखं?

गेले दोन महिने मी इलॅस्टिकचे पायजमे घालतोय.