तांबेऱ्याची स्वारी आणि तुबाजी नाइकांचा ठिपका

श्री भूमाता समर्थ. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, पौष वद्य पंचमीस, पेरणीपासोन साठावे दिवशी जे वर्तमान गुदरले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. शंका काढणाराने खुशाल शेतात जाऊन पाहावे. राज्य एका गव्हाच्या ताटाचे, नाव सांगत नाही. त्यात पान म्हणजे प्रांत आणि पेशी म्हणजे किल्ला, ऐसे हजारो किल्ले. आणि ओंबी अद्याप पोटरीत, म्हणजे राज्याचा वंश आईच्या पोटात, सबब सर्वांचा जीव टांगणीला लागला होता.

वरच्या पानातील एका किल्ल्याचे किल्लेदार तुबाजी नाईक. त्यांचे धाकटे बंधू सटवाजी दरवाजावर शिक्का घेऊन बसत. शिक्का खोटा, त्याने कोणतेही काम चालत नसे. परंतु शत्रू तो खरा मानून आधी त्यासच मोडितो, आणि शत्रू तर वेष पालटून येतो, म्हणोन नाइकांनी शत्रूस न पाहता शिक्क्यास पाहावे, आणि कोपरा मोडला कळताच किल्ला जाळून आपणही जळावे, ऐसी वडिलांपासोन चाल. त्यामुळे नाइकांस चैन म्हणून नाही. घटकेघटकेस उठावे, शिक्क्याच्या कडेवरोन अंगठा फिरवावा, माघारी जावे, पुन्हा यावे. पंधरा दिवसांमागे धुळीचा कण लागला तो कोपराच मोडला ऐसे समजोन त्यांनी हाकाटी केली, मग शेजारच्या तीन किल्लेदारांनी भरवशावर आपले किल्ले जाळिले, आणि हे आग लावणार तोच कण फुंकरीने उडाला! राज्याची वाढ दोन दिवस खोळंबली आणि दरबारातून खरमरीत पत्र आले. तेव्हापासोन माणूस पार खचला होता.

पंचमीस सकाळी दंव होते, आणि वाऱ्यावरोन गव्हाचा जुना वैरी, तांबेरा रोग, उतरला, पानाच्या श्वासाच्या खिडकीतून आत शिरला, आणि त्याचे वकील गोड बोलत दरवाजात आले. "आम्हांस किल्ला मोडणे नाही. आपण सुखे नांदावे, साखर पिकवावी, आम्ही पंक्तीस बसू, इतकेच." ऐसे म्हणत म्हणत त्यांनी शिक्क्याचा कोपरा उडविला. सटवाजीने ते पाहिले. परंतु दादांची पुन्हा फजिती होईल, या मायेने त्याने पानावरचे मेण घेऊन कोपरा लिंपिला. अरे बाबा, माया करावी, पण ही वेळ होती काय!

मग नाईक आले, अंगठा फिरविला, कोपरा मऊ लागला.

"सटू, हे काय?"

"काही नाही दादा. तुम्ही बसा पाहू."

"माझ्याकडे बघून सांग."

सटवाजी रडू लागला. "दादा, पुन्हा पत्र येईल. आणि खरे असले तर तुम्ही जाल हो."

नाइकांनी त्यास पोटाशी धरिले. "वेड्या, या येरझाऱ्यांनीच मी मेलो होतो. आता खरे काय ते कळले, सुटलो." आणि त्यांनी कडू रसाने पत्र लिहोन जासुदाचे हाती दिले की, तांबेरा आला, सर्व प्रांतांनी हत्यारे काढावी, आणि सटवाजीस म्हणाले, "याच्याबरोबर नीघ." सटवाजी म्हणाला, "शिक्का टाकून कुठे जाऊ?" आणि जागचा हलला नाही. मग जासूद गेला, शेजारच्या किल्ल्यांच्या वाटा लिंपून बुजविल्या, आणि नाइकांनी आपले हाते आग लाविली. तोवर तांबेऱ्याने कोठारात नळी घातली होती. वकील ओरडो लागले, "नाईक, विझवा! आम्हांस जित्या घरचेच अन्न पचते, उपाशी मरू!"

नाईक म्हणाले, "मग जेवायला चुकीच्या घरी आलात."

सायंकाळी दोघां भावांसह किल्ला राख जाहला आणि आत शिरलेला तांबेरा भुकेने मेला. पत्र सर्वत्र पोचले होते, सबब जेथे जेथे त्याची फौज उतरली तेथून मार खाऊन परतली. नवव्या दिवशी ओंबी सुखरूप बाहेर आली. मग शेताची मालकीण आली, वरच्या पानावर त्या राखेचा सुईच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका पाहिला, आणि "अगं बाई, रोग पडला वाटतं," म्हणोन ते पान खुडून बांधावर टाकिले.

ऐसे हे वर्तमान. राज्य राहिले, वंश राहिला, आणि ज्या दोघा भावांनी तो राखिला त्यांस रोग म्हटले. याउपर लिहिणाराचे मन लागत नाही.