थांबलेल्या काट्याची मंगळागौर

प्रज्योत राऊळच्या बोरीवलीच्या घरात सत्तावीस जुनी घड्याळं होती, आणि किती वाजले ते बघायचं झालं की त्याची बायको निशा मायक्रोवेव्हकडे बघायची. त्यात तिची काही चूक नव्हती. सत्तावीस घड्याळांत सत्तावीस वेळा होत्या. "जुन्या घड्याळात वेळ बघायची नसते गं," असं प्रज्योत लग्नापासून तिला समजावत होता. "मग काय बघायचं असतं?" असं तिनं विचारलं की तो तिला तबकडीचा पिवळेपणा दाखवायचा. निशाला तो दिसायचा, पण त्याचं कौतुक काही केल्या वाटायचं नाही.

असल्या माणसाला केतकी सोसायटीच्या मंगळागौर स्पर्धेत वेळ मोजायला बसवलं कुणी, तर खुद्द निशानं! त्याला कारण होतं. मागच्या वर्षी सेक्रेटरी परेश ठक्कर मोबाइलवर वेळ लावून बसला होता. निशाच्या ए विंगची फुगडी ऐन रंगात आली आणि परेशला क्रेडिट कार्ड विकणाऱ्या बाईचा फोन आला. गडबडीत त्यानं फोनबरोबर टायमरही बंद केला आणि अंदाजानंच घंटा हाणली. ए विंगचे दोन खेळ राहून गेले आणि सलग तिसऱ्या वर्षी दुसरा नंबर पदरात पडला. निशा दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

म्हणून यंदाच्या मीटिंगमध्ये ती ताडकन उठली. "मोबाइल नको. आमच्या घरात घड्याळांचा ढीग पडलाय, प्रज्योत बघेल वेळ." आणि घरी येऊन तिनं त्याला बजावलं, "पंधरा वर्षांत तुझ्या या डबड्यांनी माझं एक काम केलेलं नाही. एकदा तरी करून दाखव. या वर्षी मला पहिला नंबर पाहिजे म्हणजे पाहिजे."

प्रज्योतला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं परेशला लिफ्टपाशी गाठलं.

"परेश, मी स्पर्धेला क्रोनोग्राफ आणतोय. म्हणजे मनगटी घड्याळातच स्टॉपवॉच. साठ वर्षांपूर्वीचं आहे."

"माझ्या पप्पांकडे पण होतं यार जुनं. टिसॉट."

"टिसो," प्रज्योत डोळे मिटून म्हणाला. "शेवटचा टी उच्चारायचा नसतो."

"का? त्या टीचे पैसे नाही घेत काय?"

असल्या प्रश्नांना शौकीन माणूस उत्तर देत नाही. प्रज्योतनं खिशातून आपलं घड्याळ काढून दाखवलं. परेशनं मान वाकडी करून तबकडीवरची अक्षरं लावली आणि म्हणाला, "डफरनॉक्स."

"द्युफ्रेनू!"

"तेच ते. चालतं ना पण?"

चालत होतं की! प्रज्योतनं ते ज्याच्याकडून घेतलं त्यानं 'उत्तम चालू स्थितीत' असं लिहून दिलं होतं. जुन्या घड्याळांच्या धंद्यात याचा अर्थ एवढाच, की विकणाऱ्यानं बघितलं तेव्हा ते हलत होतं. साकीनाक्याला गाळा असलेल्या उत्तराताई त्याची घड्याळं दुरुस्त करायच्या. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "आतलं तेल सुकलंय. साफ करून घे, नाहीतर स्टॉपवॉच लागोपाठ वापरलंस की दगा देईल." पण साफ करायला दोन महिने लागणार होते आणि स्पर्धा रविवारवर आली होती. प्रज्योतनं घरी चार दिवस मॅगीवर सराव केला. मॅगी बरोबर दोन मिनिटांत झाली नाही, पण काटा बरोबर फिरला.

रविवारी सोसायटीचा हॉल नऊवारी साड्यांनी गच्च भरला. नियम सोपा होता. प्रत्येक संघाला दहा मिनिटं. घंटेच्या आधी थांबलात तर गुण कापणार, दहाच्या वर गेलात तर बाद. परीक्षक जानकीबाई, चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. त्यांच्या शेजारी परेश, आणि परेशच्या शेजारी, एका हातात पितळी घंटा आणि दुसऱ्या मनगटावर द्युफ्रेनू घेऊन, प्रज्योत.

बी विंग झाली. दहाला घंटा. मग निशाची ए विंग आली आणि त्या दहा मिनिटांत एक पाऊल चुकलं नाही. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, शेवटी डोक्यावर सूप घेऊन गिरकी, आणि गिरकी संपायला आणि घंटा वाजायला एकच गाठ पडली. टाळ्यांचा नुसता कडकडाट! निशानं प्रज्योतकडे बघितलं आणि ती हसली. असं ती त्याच्याकडे बघून कधी हसली होती ते त्याला आठवेना. त्याला भरून आलं.

शेवटी सी विंग. या संघाचं सरासरी वय साठ. पुढारी सुंदराबाई कोळी, मूळच्या गोराईच्या, बोरीवलीच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेल्या. त्यांनी कासोटा घट्ट केला, प्रज्योतनं बटण दाबलं आणि खेळ सुरू झाला.

"किती झाली?" थोड्या वेळानं परेशनं विचारलं.

"चार."

दोन फुगड्या आणि एक कोंबडा झाला.

"आता किती?"

प्रज्योतनं बघितलं. चार. त्यानं मनगट झटकलं. चार. काचेवर टिचकी मारली, घड्याळ कानाला लावलं. आत एकदम शांतता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते, पण सी विंगनं सुरुवात केली तेव्हा किती वाजले होते ते त्यानं बघितलंच नव्हतं. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाकडे बघणं त्याला कमीपणाचं वाटायचं. घ्या आता!

"साडेचार," तो परेशला म्हणाला आणि मनातल्या मनात आजोबांच्या मालवणीत गाऱ्हाणं घालायला लागला, "बा देवा म्हाराजा, ह्या घड्याळाक जरा बुद्धी दी रे म्हाराजा."

देव त्या वेळी इतरत्र कामात असावा. सी विंगचे बसवलेले खेळ संपले. बायका प्रज्योतकडे बघायला लागल्या. घंटा नाही. थांबावं तर गुण जाणार. सुंदराबाईंनी सरळ कोळी नाचाचा ठेका धरला. हॉल उठून उभा राहिला, शिट्ट्या पडल्या. ते संपलं, घंटा नाही. मग त्यांनी लाटणं नाचवलं, परात नाचवली, मग येऊन जानकीबाईंचा हात धरला आणि त्या करारी शिक्षिकेला फुगडीत ओढलं. जानकीबाई चार गिरक्या घेऊन धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या.

निशा गर्दीतून वाट काढत प्रज्योतच्या मागे आली. "अरे, घंटा दे ना! किती झाली?"

"चार," प्रज्योत रडकुंडीला येऊन म्हणाला. "निशा, ते थांबलंय."

"वाट लागली! मग वाजव की आता!"

"कशी वाजवू? दहा व्हायच्या आत वाजली तर सगळे म्हणतील, बायकोला जिंकवायला वाजवली."

निशानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात सुंदराबाई नाचत नाचतच टेबलापाशी आल्या. त्यांनी प्रज्योतचं मनगट पकडलं, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे मेल्या, हे कवाचं बंद पडलंय! आमचा जीव घेतोस काय?" आणि त्यांनी घंटा हिसकावून स्वतःच वाजवली. सी विंग जागच्या जागी आडवी झाली.

कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ निघाला. एकोणीस मिनिटं.

परेशनं घसा खाकरला. "नियम म्हणजे नियम. दहाच्या वर गेले म्हणजे सी विंग बाद. पहिला नंबर, ए विंग."

चषक निशाच्या पुढे आला. प्रज्योतनं तिचा चेहरा बघितला. तीन वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती. मग त्यानं जमिनीवर पडलेल्या, वर्तमानपत्रानं वारा घेणाऱ्या म्हाताऱ्या बघितल्या. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं माइक घेतला.

"त्यांची चूक नाही. घंटा मी दिली नाही. घड्याळ माझं थांबलं, आणि ते सांगायला मी लाजलो."

सगळे निशाकडे बघायला लागले. निशानं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आडव्या झालेल्या सी विंगकडे बघितलं आणि झटकन हिशेब केला. मग ती मोठ्या मनानं म्हणाली, "बरोबर आहे. त्यांना परत दहा मिनिटं द्या. मोबाइल लावून द्या. दमल्या नसतील तर करू देत की!"

सुंदराबाई उठून बसल्या. पदर खोचला. शेजारच्या दोघींना हात देऊन उभं केलं.

"चला गं," त्या म्हणाल्या. "आता कुठं अंग मोकळं झालंय."

हॉल आधीच त्यांच्या बाजूचा झाला होता. या वेळी पहिल्या ठेक्यापासून लोक उभे होते आणि जानकीबाई बसल्या जागी टाळी धरत होत्या. दहा मिनिटांनी मोबाइल वाजला, सी विंग थांबली आणि जानकीबाईंनी पूर्ण गुण दिले. ए विंग दुसरी. चौथ्यांदा.

घरात आल्यावर प्रज्योतनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"चुकलो मी. विकून टाकतो सगळी. हे तर आधी."

"खबरदार!" निशा केसांतला गजरा काढत म्हणाली. "पुढच्या वर्षी आमचा नंबर शेवटचा लावून घे, आणि हेच घालून बस. आणि तोवर त्या उत्तराताईंकडे दुरुस्तीला नेलंस ना, तर याद राख."