बाबारावदादा आणि बिनबांधाचं गवत

पंगतीत बसलं की माणसं वाढपी कुठवर आला ते बघतात. आमचा बाबारावदादा शेजाऱ्याचा गुडघा बघतो. मग पाण्याचा पेला उचलून दोन पत्रावळींच्या बरोबर मधोमध ठेवतो आणि म्हणतो, "पाव्हणं, ही हद्द. गुडघा तिकडंच ऱ्हाऊ द्या." एका लग्नात हा पाहुणा नवऱ्या मुलाचा सख्खा मामा निघाला. त्यानं गुडघा हलवला नाही, तेव्हा दादानं जिलबी घेऊन आलेल्या वाढप्यालाच साक्षीला उभं केलं. वाढपी वैतागून पुढं गेला तो परत आलाच नाही. त्या ओळीतल्या माणसांनी दादाला अजून माफ केलेलं नाही.

एस.टी.त तो सीटच्या मध्ये उपरण्याची घडी ठेवतो. कीर्तनाला बसला तर काठी आडवी टाकतो. "आधी हद्द दाखवा" हे त्याचं पालुपद. मुलाचं, दिलीपचं, लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" दादा म्हणाला, "मुलगी बराबर हाय. आधी तुमच्या शेताची हद्द दाखवा. शेजारी कोन हाय? त्याच्याशी बोलणं चालू हाय का बंद?" सोयरीक जमली ती केवळ दिलीप इंजिनियर होता म्हणून.

हे सगळं मी मजेत सांगतोय, पण एकोणीस वर्षं मला त्यात काही मजा वाटली नव्हती. कारण त्याच्या शेताचा शेजारी मी. आमचे आजोबा एक. केदारखेड्याला नदीकडच्या अंगाला त्याचं शेत आणि माझं शेत लागून, मध्ये एक बांध. मी पोटापाण्यासाठी शाळेत मास्तर झालो, तरी शेत सोडलं नव्हतं. दादाचं म्हणणं असं, की माझ्या वडिलांनी नांगरताना बांध वीतभर त्याच्या बाजूला कोरला. माझं म्हणणं असं, की त्याच्या वडिलांनी. दोघांचेही वडील कधीच वारले होते आणि मरेपर्यंत एका चिलमीवर बसत होते, हा मुद्दा दोघांनीही कधी काढला नाही.

तीनदा मोजणी झाली. पहिल्या वेळी बांध चार बोटं माझ्यात निघाला, दुसऱ्या वेळी चार बोटं त्याच्यात. तिसरा मोजणीदार वयस्कर होता. त्यानं माझ्या शेतातल्या लिंबाखाली बसून दोघांच्याही घरचा चहा घेतला आणि म्हणाला, "आहे तिथं चांगला आहे की!" त्यावर आम्ही दोघंही त्याच्यावर चिडलो.

मग कोर्ट. तारखेला भोकरदनला जायला सकाळची एकच बस सोयीची. मला शाळेतून निघायला उशीर व्हायचा, तेव्हा दादा खिडकीतून पंचा टाकून माझ्यासाठी जागा धरायचा. मी बसलो की तोंड फिरवायचा. आमचं बोलणं बंद होतं, म्हणजे फक्त भांडणापुरतं चालू होतं. माझ्या घराची पायरी त्यानं एकोणीस वर्षांत चढली नाही. रोज सकाळी मात्र बांधावर उभा राहून ओरडायचा, "ए मास्तर! पोरांना इमानदारी शिकवतो अन् सोता बांध कोरतो?" मीही लिंबाखालून ओरडायचो. त्या ओरडण्यानं आमचा दिवस सुरू व्हायचा.

गावात नुकते फोन आले होते तेव्हाची गोष्ट. दिलीप अमेरिकेत गेला, त्यानं तिथं घर घेतलं, आणि आईबापांना घेऊन जायला आला. वहिनी आनंदात, नातीला सांभाळायचं म्हणून. दादानं शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, लावलं, बांधाच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या, आणि माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाला, "साता समुद्रापलीकडून बी माझी नजर ऱ्हाणार हाय!" मी म्हणालो, "दुर्बीण घेऊन जा." त्याची स्वेटर, माकडटोपी आणि धोतर अशी स्वारी जीपमध्ये बसली. मला वाटलं, सुटलो.

पुढची हकीकत वहिनींच्या पत्रांतून कळली. त्या माझ्या बायकोला लिहायच्या. वहिनी तिथं आठ दिवसांत रुळल्या. मशीनला कपडे लावायला शिकल्या, समोरच्या चिनी बाईकडून कोथिंबीर आणायला लागल्या, थंडीत लुगड्याखाली पायजमा घालून नातीला बसपर्यंत सोडायला लागल्या. दादाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. गाडीतून उतरून तो घराच्या मागं गेला. बघतो तर हिरवंगार गवत दिलीपच्या घरापासून निघून शेजाऱ्याच्या घरापर्यंत, तिथून त्याच्या शेजाऱ्याच्या घरापर्यंत, सरळ नजर पोचेल तिथवर. मध्ये ना बांध, ना कुंपण, ना साधी काडी.

"दिलीप, आपलं कुठवर हाय?"

"असंल त्या झाडापर्यंत कुठं तरी."

"कुठं तरी? घर घेतलं अन् हद्द म्हाईत न्हाई? तुला शिकवून मी काय केलं मंग!"

त्या दिवशी त्यानं जेवणाला हात लावला नाही. घराचे कागद काढायला लावले, नकाशा बघितला, आणि तीन दिवस टेप घेऊन गवतात फिरला. मग हद्दीवर दगड रोवले. पांढरे, गुळगुळीत, छान दगड. ते कुठून आणले, हे शेजारच्या टॉमला आपल्या फुलांच्या वाफ्याकडं बघून कळलं असणार.

शनिवारी टॉम गवत कापायचं मशीन घेऊन निघाला आणि पहिल्याच दगडावर खाडकन आवाज झाला. दादा याचीच वाट बघत होता. धोतराचा सोगा खोचून, एकोणीस वर्षांची तयारी घशात घेऊन तो पुढं आला. नातीकडून इंग्रजीही घोकून घेतलं होतं. "धिस माय! दॅट युवर!" टॉमनं मशीन बंद केलं. दगडाकडं बघितलं, दादाच्या कपाळावरच्या गंधाकडं बघितलं, आणि "सॉरी, सॉरी" म्हणत दोन हात मागं सरला.

दादाला हे पटेना. याच्यात काही तरी डाव असणार. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मुद्दाम दगड हातभर पुढं सरकवले. टॉम पुन्हा "सॉरी" म्हणाला आणि हातभर मागं सरला. दादानं आणखी हातभर सरकवले. दगड टॉमच्या झोपाळ्यापाशी पोचले, तरी हूं नाही की चूं नाही. उलट एके दिवशी टॉमची बायको आली, तिनं प्रत्येक दगडापाशी झेंडूची एकेक कुंडी ठेवली आणि दादाला हात जोडून नमस्कार केला. त्या घरातल्या लोकांची समजूत अशी झाली होती, की हे म्हाताऱ्याचे देव आहेत आणि हळूहळू चालत आपल्याकडं येताहेत.

ते पत्र वाचून मी इतका हसलो, की बायको पाणी घेऊन आली. शाळेत वाचून दाखवलं, पारावर वाचून दाखवलं. सगळं गाव हसलं.

पुढच्या पत्रात हसण्यासारखं काही नव्हतं. दादानं एका सकाळी सगळे दगड धुऊन टॉमच्या वाफ्यात परत नेऊन ठेवले होते. "माणूस जमीन देऊन राह्यला, पन भांडत न्हाई," एवढंच वहिनींना म्हणाला. त्यानंतर तो बाहेर जाईना. दिवसभर मागच्या खिडकीशी बसायचा. वहिनींनी लिहिलं होतं, "ह्यांचा आवाजच बसल्यासारखा झालाय. विचारलं तर म्हणतात, बिलकुल ठीक हाय. लेकाला वाईट वाटंल म्हणून काही बोलत नाहीत."

त्याच आठवड्यात दिलीपचा फोन आला. "काका, कायम राहण्याचे कागद भरतोय. बाबा आता इकडंच. शेत तुम्हीच घ्या. बाहेरच्याला कशाला द्यायचं?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. संध्याकाळी मी शेतावर गेलो. बांध काढला तर एकच सलग रान होणार होतं. कुठून नांगर धरायचा आणि विहिरीचं पाणी कसं फिरवायचं, ते मी मनात ठरवूनही टाकलं. सकाळचं ओरडणं बंद होऊन पाच महिने झाले होते. शांतता बरी असते, असं मी स्वतःला रोज बजावत होतो.

आणि रविवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग, "मास्तर हाय का?"

दादानं मला फोन केला होता. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही. पाऊस कसा झाला, विचारलं. मूग कसे आलेत, विचारलं. त्याची खोंडं बटईदार नीट बघतो का, विचारलं. मी सांगत गेलो. मग बोलणं संपलं, तरी तो फोन ठेवेना.

"अन् बांध?" तो म्हणाला. "बांध कसा हाय?"

बांध जसाच्या तसा होता. तेवढं बोललो असतो, तर तो "बरं" म्हणून गप्प बसला असता आणि दोन महिन्यांत शेत माझ्या नावावर झालं असतं. पण मला त्या खिडकीशी बसलेला माणूस दिसायला लागला. त्याला तिथून उठायचं होतं आणि लेकाला सांगायला कारण नव्हतं. मला त्याची दया आली. नुसती दया नाही, मलाही तो हवा होता.

"कोरला," मी म्हणालो.

"काय?"

"कोरला म्हणतो. तू न्हाईस, मंग काय करतो? चांगला हातभर कोरला."

मग पाच महिन्यांत नव्हता तो आवाज कानात फुटला. "हरामखोरा! मास्तरा! मला म्हाईतच व्हतं! दिलीप, ए दिलीप! तिकीट काढ जल्दी! हा चोर शेत खाऊन राह्यला!" शेजारच्या खोलीत माझ्या बायकोलाही ते ऐकू गेलं. मी फोन ठेवला तेव्हा ती दारात उभी होती. "अहो, तुम्ही कधी कोरला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच."

पंधरा दिवसांनी दादा एकटाच आला. नातीची शाळा होती म्हणून वहिनी थोड्या दिवसांनी येणार होत्या. जीपमधून उतरला तो घरी न जाता सरळ शेतावर. मागं निम्मं गाव. मी लिंबाखाली उभा होतो. त्यानं टेप काढला, एका टोकाच्या चुन्याच्या खुणेपासून दुसऱ्या टोकाच्या खुणेपर्यंत सरळ रेघ धरून बांध किती सरकला ते जागोजागी मोजलं, पुन्हा उलटं मोजलं. बांध बोटभरही हलला नव्हता. तो वाकलेला तसाच थांबला.

मग उठला, लोकांकडं वळला आणि म्हणाला, "बघितलं का? हातभर कोरलाय यानं! आता मी हितून हलत नसतो. लेकाला तसं कळवून टाकतो." लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तेव्हापासून केदारखेड्यात बांधकोऱ्या म्हणून माझी ओळख आहे, आणि माझे विद्यार्थीसुद्धा पाठीमागं तेच म्हणतात.

लोक पांगले. दादा टेप गुंडाळत माझ्याजवळ आला. माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाला, "घराला कुलूप हाय रे. दूध बी नसंल." मग म्हणाला, "तुझ्याकडं चहा टाकाय सांग."