कॅमेऱ्याचं माहेरचं नाव

आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा सगळं पाहायचा, पण पाहिलेलं रेकॉर्डरला द्यायचा नाही, कारण ‘गरुडनेत्र’ हे आपलं नाव नाही असं त्याचं म्हणणं होतं. बाकी स्वभावाने तो चांगला. येणाऱ्याजाणाऱ्याशी नम्रपणे बोलायचा, दूधवाल्याला वेळ सांगायचा. फक्त ऑफिसातल्या पडद्यावर त्याचा चौकोन काळा असायचा.

सेक्रेटरी या नात्याने मी त्याला रीतसर समज दिली होती.

“तुमच्या अंगावर स्टिकर आहे.”

“ते दुकानात लावलं,” कॅमेरा म्हणाला. “मला विचारून नाही.”

रेकॉर्डरही तसाच हटवादी. खऱ्या नावाने आल्याशिवाय तो कुणाला दारात उभं करत नसे. सांगलीच्या त्या उन्हात फाटकावर तसं काही घडतही नव्हतं, म्हणून मी दोघांचाही नाद सोडला.

मग एका दुपारी पहिल्या मजल्यावरच्या वसुधावहिनी आरवाडे माझ्याकडे आल्या. एरवी शांत बाई, पण त्या दिवशी पायात चप्पल घालायचंही भान नव्हतं. मागे वॉचमन बिराप्पा मान खाली घालून उभा.

“एक म्हातारी आलती,” बिराप्पा म्हणाला. “गंगू आलीया म्हन, फुला मगदूम हितं ऱ्हाती का, सांजच्या एश्टीनं माघारी जायाचंय म्हनली. मी म्हनलं, त्या नावाचं कोन न्हाई. मग पान्याची मोटार चालू कराय गेलो. ती कुठं गेली बगितलं न्हाई.”

“फुला मगदूम मीच,” वहिनी म्हणाल्या. “आणि ती आमच्या गावची गंगू. माझ्या पाठवणीला रडली, तीच शेवटची भेट. तिला माझं इथलं नाव ठाऊकच नाही हो.”

लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर ‘वसुधा’ लिहिलं होतं, आणि आम्हालाही तेवढंच माहीत. संध्याकाळची एसटी गेली की गंगूही जाणार होती. ती रिक्षात बसली की चालत गेली, हे पाहिलं होतं एकट्या कॅमेऱ्याने. वहिनींनी त्याला विचारूनही पाहिलं, पण तो काही सांगेना.

मी मुजावरला फोन केला. तोच आमचे कॅमेरे बसवतो. तो शिडी घेऊन आला.

“साहेब, माल एका कारखान्यात बनतो अन् धा नावांनी विकला जातो,” वर चढता चढता तो म्हणाला. “स्टिकर वाचून काय उपयोग न्हाई. स्क्रू कुठं हायत, मागची पिन कसली हाय, ते बघायचं.” त्याने झाकण उघडून सगळं निरखलं. “तुम्ही होसान का?”

“नाही. होसानची पिन गोल असते,” कॅमेरा म्हणाला. “पण अंदाज वाईट नाही.”

मुजावर जरा खूश झाला. आणखी दोन नावं घेऊन पाहिली. दोन्ही चुकली. ऊन कलायला लागलं.

वहिनी शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. “अहो, स्टिकर लावायच्या आधी तुम्हाला काय म्हणायचे?”

कॅमेरा त्यांच्याकडे वळला. “हे मला कुणी विचारलं नव्हतं. आधी तुमचं सांगा.”

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःचंच नाव घ्यायला त्या लाजल्या. “फुला,” त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, “फुला.”

“मी किमारा,” कॅमेरा म्हणाला.

मुजावरने ऑफिसात जाऊन रेकॉर्डरला ते नाव सांगितलं. रेकॉर्डर “या” म्हणाला आणि चौकोन उजळला. त्यात दुपारचं टिपलेलं दिसलं: इरकली लुगड्यातली एक म्हातारी, काखेत पिशवी, कॅमेऱ्याकडे तोंड वर करून बोलत होती. मग ती चौकोनातून बाहेर गेली.

मी फाटकाकडे धावलो. “त्या गेल्या कुठे?”

“गेल्या नाहीत. या इमारतीत कुणीतरी दुसऱ्या नावाने राहत असेल, हे मला पटण्यासारखं होतं. मी त्यांना समोरच्या रसवंतीत थांबायला सांगितलं.”

“मग मघाशीच का नाही बोललात?” मी चिडलो.

“मघाशी वसुधाबाई विचारत होत्या,” कॅमेरा शांतपणे म्हणाला. “गंगूबाई फुलाबाईंकडे आल्यात.”

वहिनी तोवर तापल्या डांबरावरून अनवाणी निघाल्याही होत्या. अर्ध्या रस्त्यात असतानाच रसवंतीच्या ताडपत्रीखालून खणखणीत हाक आली, “फुले! किती गं उशीर!” बिराप्पा सरळ रडला.

जाताना मुजावरने स्टिकर काढून टाकू का म्हणून विचारलं.

“राहू दे,” कॅमेरा म्हणाला. “आता तेही माझंच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तर फाटकावर सोसायटीतल्या बायकांची रांग लागलेली. एकेक जण कॅमेऱ्याखाली थांबे, तोंड वर करून हळूच एक नाव सांगे आणि बाजूला होई. रांगेत आमच्या घरातलीही एक उभी होती. मी सेक्रेटरी असलो तरी मध्ये घुसलो नाही. तिचा नंबर येईपर्यंत पिशवी धरून उभा राहिलो.