मामाजींची टोपी आणि बुटका खांब

वाहत्या पाण्यात खांब उभा असला की त्याच्यामागे पाणी काय करतं, हे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो मी. सहा वर्षं झाली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या पाटात नळकांडी उभी करून शाई सोडतोय. नळकांड्यामागे पाणी एकदा डावा, एकदा उजवा भोवरा सोडत पुढे जातं, शेपटी हलवत घरी निघालेल्या म्हशीसारखं!

म्हणूनच सासऱ्यांच्या, म्हणजे तुळशीराम मामाजींच्या अस्थी सोडायची वेळ आली तेव्हा पैनगंगेवरची जागा मी निवडली.

"काठावर सोडू नका, सगळं गाळात अडकेल," मी म्हणालो. "तो जुन्या पुलाचा तुटका खांब दिसतो ना, त्याच्यामागे सोडा. पाणी स्वतःच मधल्या धारेत नेईल."

"जावईबापू शिकेल हायेत," सासूबाई, अन्नपूर्णाबाई, थकल्या आवाजात म्हणाल्या. "ते म्हंतात तसं करा."

तिसरा दिवस होता. आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलेलं. डोणगावहून आम्ही पाच जण आलो होतो. मेहुणा इंद्रभान गुडघाभर पाण्यात उतरला, अस्थी सोडल्या, मागोमाग पत्रावळ सोडली. तिच्यावर झेंडूची फुलं आणि मामाजींची पांढरी टोपी.

पत्रावळ हातभर पुढे गेली. थांबली. वळली. आणि उलटी, धारेच्या विरुद्ध, खांबाकडे परत आली!

इंद्रभानने हाताने ढकलली. पुन्हा परत! काठीने लोटली. पुन्हा परत!

"दादाचा जीव अडकला बे!" मामाजींचे धाकटे भाऊ भगवंतराव ओरडले.

चूक माझ्या ध्यानात आली. माझी नळकांडी सगळी उंच, पाण्याच्या वर डोकं काढणारी. हा खांब काठावरून उंच वाटला, पण निघाला बुटका! वीतभर पाणी त्याच्या डोक्यावरून जात होतं, मागे धपकन खाली बुडी मारत होतं, आणि ती जागा भरायला वरचं पाणी उलटं खांबाकडे येत होतं. बुटक्यांवर मी कधी प्रयोगच केला नव्हता!

"काका, हे फक्त पाण्याचं..."

"तुम्ही चूप बसा! इंद्रभान, कबूल कर, काय राह्यलं त्याचं?"

इंद्रभान रडत म्हणाला, "बाबा, मायले मी अंतर देनार नाही!" टोपी परत. "तंबाखू सोडतो!" टोपी परत. माझी बायको रुपाली म्हणाली, "बाबा, मी दादासंगं भांडनार नाही!" भगवंतरावांनी तर सामाईक धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, बाभळीचं झाड भावाच्या नावानं सोडून दिलं. टोपी मजेत फिरत होती.

मग अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, "ते जावईबापूची वाट पाहून राह्यले."

सगळे माझ्याकडे वळले.

खरं होतं ते. दवाखान्यातून मामाजींनी तीनदा फोन केला होता. "एकदा येऊन जा. तुमचं ते पान्याचं काय हाय, मले समजून सांगा. इथं पडल्या पडल्या दुसरं काम नाही." सहा वर्षांत असं विचारणारा एकच माणूस, चौथी शिकलेला! आणि मी तिन्ही वेळा म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की."

मी पँटीसकट पाण्यात उतरलो. शेवाळावरून पाय सटकला आणि खांबाला छाती लावून, मिठी मारल्यासारखा, वरच्या अंगाला, धार येते त्या बाजूला, बसलो. पाणी गळ्याशी. समोर हातभरावर टोपी.

"मामाजी," मी म्हणालो. मला दुसरं येतंच काय! पाण्याचंच सांगायला लागलो. "खांब उंच असला की पाणी दोन्ही बाजूंनी जातं. बुटका असला की डोक्यावरूनही जातं, मामाजी, आणि तिथंच घोळ होतो..." सगळं सांगितलं. भोवरे, शाई, फसलेले प्रयोग. रडत होतो की नाकात पाणी जात होतं, कळत नव्हतं.

तेवढ्यात पत्रावळ हलली. डावीकडे सरकली, एक गिरकी घेतली, मधली धार पकडली आणि वळणापलीकडे गेली.

कारण उघड होतं. खांबाच्या डोक्यावरून जाणारं पाणी माझ्या अंगानं अडवलं होतं; बुटका खांब उंच झाला होता. सांगायला तोंडही उघडलं मी. पण काठावर अन्नपूर्णाबाई हात जोडून उभ्या होत्या. तोंड मिटलं.

इंद्रभानने ओढून मला बाहेर काढलं. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "समजलं वाटते त्याहिले सारं. म्हनून गेले."

"समजलं कायचं, वहिनी!" भगवंतराव धोतर सावरत म्हणाले. "कटाळून गेला तो!"

तीन दिवसांत पहिल्यांदाच अन्नपूर्णाबाई हसल्या. मग रुपाली, मग इंद्रभान. मीही हसलो असतो, पण दात वाजत होते. आणि खरं सांगू का, अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.